हौद्यातली काजळी

आत्याला त्या कोपऱ्यात मीच बसवलं होतं. हे वाक्य मनात किती वेळा म्हटलं असेल याला सुमार नाही. कागदावर आज पहिल्यांदाच उतरवते आहे.

आमचं घर पिंपळगाव राजाचं. बाबांकडे एक जुनी पांढरी पिकअप होती. पहाटे उठून ते गावातला भाजीपाला खामगावच्या बाजारात नेऊन टाकायचे आणि परत येताना मिळेल तो माल आणायचे. लग्नसराईत त्याच गाडीवर लोखंडी कमानी बसवायच्या, ताडपत्री ओढायची, की झाली वऱ्हाडाची गाडी. गाडी धूर मारायची. अंगणात सुरू केली की मागच्या भिंतीवर कोळशाने ओढल्यासारखा पट्टा उठायचा. आई तिकडे कपडे वाळत घालायची नाही. त्यापलीकडे कुणी त्या धुराचा विचार केला नव्हता. धूर कुठल्या गाडीला नसतो?

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा तिला बाई म्हणायचे. ऐन तारुण्यात नवरा गेला तेव्हा बाबांनी तिला माहेरी आणलं आणि आमच्याच घरामागे दोन खोल्या बांधून दिल्या. तिचा एकच मुलगा, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आत्याला दमा होता. थंडीत ती उशीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. तिच्या छातीतली शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. पण तोंडाने मात्र ती घर भरून टाकायची. मला लहानपणी बोलायलाच तिने शिकवलं, असं आई म्हणते.

त्या वर्षी तिच्या मुलाचं अमडापूरला जमलं. मुलगी आत्यानेच पसंत केली होती. मी विचारलं, "काय पाह्यलं वं आत्या तिच्यात एवढं?" तर म्हणाली, "मी हात धुवाले मांगं गेली, तठी शेवाळ होतं. काही न बोलता तिनं माहा हात धरला. पाहाले कोणी नव्हतं तवा धरला. मले एवढंच पाह्यचं होतं."

साखरपुडा डिसेंबरात ठरला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, खामगावच्या कॉलेजात जात होते. आदल्या दिवशी संध्याकाळी बाबांनी मला गाडीचा हौदा धुवायला सांगितला. कोबीची पानं, मातीची ढेकळं काढून मी दोन बादल्या पाणी मारलं आणि खराट्याने घासलं. केबिनच्या पाठीला लागून, डाव्या कोपऱ्यात, पत्रा गंजून रुपयाएवढं भोक पडलं होतं. त्या भोकाभोवती काळं जमलं होतं, थेट वरपर्यंत, पत्र्यावर हाताच्या पंजाएवढं पसरलेलं. मखमलीसारखं मऊ. बोट लावलं तर बोट काळं झालं, आणि पाण्याने जाईना. फडक्याने पुसलं तर आणखीच पसरलं. इथे कुणी बसलं तर लुगडं खराब होईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी त्यावर आधी गोणपाट टाकलं, मग जाड सतरंजी घातली, आणि कोपऱ्यात घरातला लोड ठेवला. पाहणाऱ्याला ती सगळ्यात चांगली जागा वाटली असती.

सकाळी सातला निघालो. मुलगा आणि पुरुषमंडळी दुसऱ्या गाडीने पुढे गेली होती. आमच्या गाडीत मला सोडून सात बाया होत्या. त्यात माझी आई, आत्या आणि बाकी भावकीतल्या. नवरदेवाची आई म्हणून आत्याने पुढे केबिनमध्ये बसायचं असं बाबांनी ठरवलं होतं. ती दारापर्यंत आलीही. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "इले गाडी लागते. घाटात ओकून ठेवीन अन् साडी खराब करीन. तू बस समोर."

"बाई, थंडी आहे मांगं," बाबा म्हणाले.

"ताडपत्री टाकून दे. सगळ्या बाया तठी, मी एकली समोर बसून काय करू?"

मग मी तिला मागे चढवलं, लोड दाखवला आणि म्हटलं, "इथं बस, टेकायले चांगलं आहे." ती ऐटीत बसली. हिरवं लुगडं होतं, केसात अबोली होती. मी मागचा फाळका वर करून लावला, ताडपत्री खाली ओढली आणि बाहेरून दोरीच्या दोन गाठी मारल्या. वारा शिरू नये म्हणून घट्ट मारल्या.

खामगावात बाबांनी हार घ्यायला गाडी थांबवली. मी उतरून मागे गेले आणि ताडपत्रीवर हात मारून विचारलं, "बऱ्या आहात का सगळ्या?"

आतून हसण्याचा आवाज आला. मग आत्या म्हणाली, "धूर येऊन राह्यला थोडासा. चालू द्या लवकर, मुहूर्त चुकते."

बाजाराचा रस्ता होता. पुढे दोन ट्रक, शेजारी ऑटो. धूर त्यांचाच असेल, असं मला वाटलं. वाटलं, की वाटून घेतलं, हे मला आजही सांगता येत नाही. कोपऱ्यातलं ते काळं मला त्या क्षणी आठवलं होतं का? कधी वाटतं आठवलं होतं, कधी वाटतं नंतरच्या वर्षांत मीच ते तिथे नेऊन ठेवलं. मी केबिनमध्ये येऊन बसले. बाबांना काही बोलले नाही.

घाट सुरू झाला तशी गाडी कण्हायला लागली. बाबा खालच्या गियरवर चढवत होते. आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला, एवढा धूर. तेव्हा माझ्या पाठीमागे, पत्र्यावर, ठोकल्याचा आवाज आला. ठक ठक ठक. थोडं थांबून पुन्हा.

"काय झालं?" बाबा म्हणाले.

मी कान दिला. आत कुणीतरी गाणंही म्हणत होतं, निदान मला तसं वाटलं. "गाणे म्हणून राह्यल्या," मी म्हटलं. "ताल धरून राह्यल्या."

बाबा हसले. "बाई असंन. तिलेच सुचते असं."

ठोकणं आणखी दोनदा झालं. मग थांबलं. मला बरंच वाटलं, कारण गाडी लागत होती आणि तो आवाज डोक्यात बसत होता. त्यानंतर अमडापूर येईपर्यंत मागून काही आवाज आला नाही.

मुलीच्या दारात ओवाळायला बाया उभ्या होत्या. मी गाठी सोडायला गेले तर दोरी दवाने आवळली होती, सुटेना. आत्याचा मुलगा धावत आला आणि त्याने ताडपत्री एका बाजूने उचलून काढली. आतून धूर बाहेर आला. बाया खोकत, डोळे पुसत उतरल्या. एक रस्त्याच्या कडेला बसून ओकली आणि ओकून झाल्यावर म्हणाली, "घाट लागला बाप्पा." आईचं डोकं इतकं ठणकत होतं की तिला मी धरून उतरवलं. मी तिला विचारलं, "आत्या?"

"झोपली. मंगापासून डोळे मिटून बसली," आई म्हणाली.

आत्या लोडाला टेकून बसली होती. पदर तोंडावर होता. तिच्या मुलाने "आई" म्हणून खांदा हलवला तशी ती एका अंगावर कलली. नंतर कोण काय करत होतं, सगळं एकमेकात मिसळलं आहे. एकच स्पष्ट दिसतं. घरात पाटावर बसायची ती मुलगी आम्ही आधीच पाठवलेल्या नव्या साडीतच बाहेर आली आणि कुणाला न विचारता फाळक्यावर पाय देऊन हौद्यात चढली. तिने आत्याचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं, आपल्या पदराच्या टोकाने तोंड पुसलं. पदर काळा झाला. आत्याच्या नाकपुड्यांत काजळ घातल्यासारखं काळं होतं.

दुसऱ्या गाडीत घालून तिला दवाखान्यात नेलं. दुपारी तीनच्या सुमारास ती गेली. डॉक्टरांनी विचारलं, दमा होता का? सगळे म्हणाले, हो, जुना होता. तसंच लिहिलं गेलं. बाकीच्या सहा बाया संध्याकाळपर्यंत ठीक झाल्या होत्या, त्यामुळे धुराचं कुणी मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर बाबा एकटेच हौद्यात चढले. मी खिडकीतून पाहत होते. त्यांनी लोड उचलला, सतरंजी उचलली. सतरंजीच्या कोपऱ्यावर ताटाएवढा काळा गोल उमटला होता. गोणपाटावर त्याहून मोठा. बाबा वाकून त्या भोकाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि मी त्यांना दिसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ते सतरंजी घेऊन मळ्याकडे गेले आणि येताना हात रिकामे होते. आईने पुढे कितीदा तरी त्या सतरंजीची चौकशी केली. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

आठवड्याने बाबांनी गाडी खामगावला नेऊन दुरुस्त करून आणली. दोन तासात काम झालं. ते आईला सांगताना मी ऐकलं आणि जेवणावरून उठले.

तेरवीनंतर आमच्या ओसरीवर भावकी बसली. कुणी सुरुवात केली ते आठवत नाही, पण बोलणं एकाच वाटेने गेलं. पोरगी पायगुणाची नाही. दारात पाय ठेवला नाही तर सासू खाल्ली. उंबरा ओलांडल्यावर काय करेल? आत्याचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता, त्याचं तोंड सुकलं होतं. त्याला विचारलं तर म्हणाला, "मामा म्हणतीन तसं."

सगळे बाबांकडे पाहायला लागले. मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. आता बाबा सांगतील, असं मला वाटलं. बाबांना कदाचित मी सांगेन असं वाटलं असेल, कारण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते खाली पाहत म्हणाले, "तुमी ठरवा."

अमडापूरला निरोप गेला. साखरपुड्याची साडी त्यांनी परत पाठवली. धुऊन, घडी करून. पदराच्या टोकावर करडा डाग तसाच होता.

त्यानंतरची वर्षं मी जगले, शिकले, खामगावात लग्न होऊन गेले. वरून पाहणाऱ्याला सगळं ठीक होतं. पण शेजारी कुणी भिंतीत खिळा ठोकायला लागलं की माझ्या हातातलं काम थांबायचं. मी मोजायचे. तीन, मग थांबून तीन. बंद दाराला आतून कडी लावली की मला गुदमरायचं. न्हाणीघराचं दार मी कधी पूर्ण लावलं नाही, त्यावरून सासूबाई बोलायच्या. कधीकधी भर दुपारी घरात तो वास यायचा, जळक्या डिझेलचा, अबोलीच्या फुलांसोबत. मी खिडक्या उघडायचे. बाहेर काही नसायचं. नवऱ्याला वाटायचं, मला डोकेदुखी आहे.

आत्याच्या मुलाचं दोन वर्षांनी जळगावकडे लग्न झालं. बाबांनी पुढे उभं राहून सगळं केलं. जेवायला मात्र बसले नाहीत.

सहा वर्षं अशी गेली. एका दिवाळीला मी माहेरी होते. बाबा बाजारातून आले, ताटावर बसले आणि भाकरी मोडून तशीच ठेवली. आई आत गेल्यावर मला म्हणाले, "अमडापूरचा एक जण भेटला आज. त्या पोरीचं अजून जमलं नाही. चार जागी पाह्यलं म्हणे. जाते तिथं कोणीतरी सांगते, साखरपुड्याच्या दिवशीच सासू गेली इची."

मी त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

"मिस्तरीनं मले पंधरा दिवस आंधी सांगतलं होतं," ते म्हणाले. "गाडीखाली निजून दाखवलं होतं त्यानं. सायलेन्सरचा जोड फुटला, धूर मांगं जात नाही, वर जाऊन राह्यला, माणसं नको बसवू म्हणे. मी म्हटलं, लग्नसराई होऊन जाऊ दे."

"मी पाह्यलं होतं, बाबा," मी म्हटलं. "धुताना. मी त्यावर सतरंजी टाकली."

"मले माहीत आहे," बाबा म्हणाले. "त्या दिवशी खिडकीत तुह्यं तोंड पाह्यलं तवाच समजलं."

म्हणजे सहा वर्षं त्यांनी माझंही ओझं बाळगलं होतं. ते बोलले तर मीही तोंड उघडेन आणि अडकेन, या भीतीने ते गप्प राहिले. मी त्यांच्यासाठी गप्प होते. आणि आमच्या दोघांच्या मायेची किंमत ती मुलगी भरत होती.

आधी आत्याच्या मुलाला सांगायचं ठरलं. त्याच संध्याकाळी आम्ही दोघे मागच्या खोलीत गेलो. बाबांनी सगळं सांगितलं, काही न लपवता. शेवटी त्याने बाबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"आईनं ठोकलं होतं का?"

मी हो म्हटलं.

"किती वेळ?"

"तीन-चार वेळा. मले वाटलं गाणे म्हणून राह्यल्या."

तो उठून बाहेर गेला. त्यानंतर दोन वर्षं तो आमच्या घरात आला नाही. एकाच अंगणात राहून तो मागच्या वाटेने जायचा. आता येतो. बोलतो. पण बाबांना मामा म्हणताना त्याचा आवाज जरा अडतो, किंवा मला तसं ऐकू येतं.

अमडापूरला आम्ही एसटीने गेलो. मुलीच्या वडिलांनी दारातच विचारलं, "आता काय राह्यलं?" तरी त्यांनी आत घेतलं, पाणी दिलं. बाबांनी पाणी हातात धरून ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. मुलगी शिवणयंत्रावर बसली होती. तिने यंत्र थांबवलं नाही. बाबांचं सांगून झालं, तेव्हा धागा तोडून ती म्हणाली, "मले माहीत होतं."

बाबांनी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"त्यायचं तोंड मी पुसलं होतं ना. मी सगळ्यायले सांगतलं, धुरानं झालं म्हणून. माह्या बापालेही सांगतलं. लोकं म्हणाले, ही आता आपला दोष गाडीवर ढकलते." ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "तुमी मले सांगून काय होईन? मले माहीतच आहे."

"मंग कोणाले सांगू, माय? तू म्हणशीन तसं करतो."

तिने हातातल्या कापडाची घडी घातली. मग म्हणाली, "पुढच्या हप्त्यात एका जागचे पाहुणे येणार आहेत. ते गेले की कोणीतरी त्यायच्या कानात घालीनच. त्याच्या आंधी तुमी जा त्यायच्या घरी. तुमच्या तोंडानं सांगा."

बाबा गेले. मी सोबत गेले. चिखलीजवळच्या एका खेड्यात, अनोळखी माणसांच्या ओसरीवर बसून माझ्या बापाने सांगितलं, "माह्या गाडीच्या धुरानं माही बहीण मेली. मले आंधी माहीत होतं. त्या पोरीचा काही संबंध नाही." त्या लोकांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि मुलीला नकार कळवला. त्या वर्षात आणखी दोन घरी गेलो. एका ठिकाणी म्हातारबाबांनी विचारलं, "तुमाले याचं काय देल्लं तिच्या बापानं?" बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं, आता भांडतील. ते पुन्हा खाली बसले आणि पहिल्यापासून सगळं परत सांगितलं. दर वेळी सांगताना त्यांचा आवाज ठोकण्यापाशी आला की थांबायचा, आणि तिथून पुढचं मी सांगायचे.

तिसऱ्या घरची बाई शिक्षिका होती. ती म्हणाली, "एवढं सांगायला तुम्ही सहा वर्षं लावली?" बाबा म्हणाले, "हो." तिने आणखी काही विचारलं नाही. तिथे जमलं. लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही, येण्याचं कारणही नव्हतं. ते झालं हे बाबांना बाजारात कळलं.

गाडी नंतर बाबांनी विकली. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, ते घरीच असतात. मागच्या उन्हाळ्यात अमडापूरची ती मला खामगावच्या बाजारात दिसली. सोबत चार-पाच वर्षांची मुलगी होती, दोघी बांगड्यांच्या दुकानात बसल्या होत्या. ती मुलीचा हात दाबून बांगडी चढवत होती. तिने मान वर केली आणि मला ओळखलं. चेहऱ्यावर काही आलं नाही, राग नाही, हसू नाही. ती पुन्हा बांगड्यांकडे वळली. मी हाक मारली नाही.

माहेरी गेल्यावर बाबांना सांगितलं.

"बरी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी दिसली."

"बारीक झाली का?"

"नाही, बाबा. चांगली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना त्यांनी पुन्हा विचारलं, "बरी आहे ना ती?" आणि गेले वर्षभर, मी गेले की, दर वेळी विचारतात. मी दर वेळी तेच सांगते.